भाऊसाहेबांचा कुटुंबकक्ष

"दोरी कापून त पाय, मॅनेजर! हात उखडून तुह्याच खिशात घालन!"

असं कौतिकाबाई म्हणाली आणि मी दोरी कापली.

दर सोमवारी सकाळी आमचा हा कार्यक्रम असे. तिच्या ताडपत्रीचं एक टोक तिच्या हातगाडीला बांधलेलं असायचं आणि दुसरं आमच्या खिडकीच्या गजाला. सोमवारी आमचे अध्यक्ष इमारतीभोवती एक फेरी मारत. त्यांना ती दोरी दिसली की त्यांचं पित्त खवळे. म्हणून ते येण्याआधी मी ती कापायची आणि ते गेले की तिने नवी गाठ मारायची. आमच्या ऑफिसात कात्री एकच होती. उद्घाटनाची फीत जिने कापली तीच.

"तुह्या मयतीले कुत्रंबी येणार नाही," ती म्हणाली.

"बोलावलंय कोणी त्याला?" मी म्हणालो.

हातगाडीवर तिचा नवरा गुलाबराव पडलेला होता. लकव्याने त्याचं एक अंग गेलं होतं आणि सगळ्या भाषेतून एकच शब्द शिल्लक राहिला होता, होकाराचा. तो म्हणाला, "हाओ."

"तुमी चूप बसा जी!" कौतिकाबाई त्याच्यावर ओरडली. "मॅनेजरची बाजू घेऊन राह्यले!"

मुरूमखेड नगरपरिषदेने जकात बंद झाल्यावर जुना जकात नाका रिकामा केला आणि शासनाचं अनुदान आल्यावर तिथे बेघरांसाठी निवारा काढला. तो चालवायला दिला होता दीनछाया बहुउद्देशीय संस्थेला. संस्थेचे उद्देश खरोखरच बहु होते. आधी शेळीपालनाचं प्रशिक्षण झालं होतं, मग सौर चूल, मग व्यसनमुक्ती. ज्या वर्षी ज्या गोष्टीला अनुदान, त्या वर्षी अध्यक्ष भाऊसाहेब चौखंड्यांच्या काळजाला त्याच गोष्टीचा पाझर फुटे. त्या वर्षी बेघर होते. दारावरची पाटी इतकी लांब रंगवली होती की ती भिंतीवर मावेना. शेवटचा शब्द 'अनुदानित' कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीवर गेला होता, आणि त्याच्याच खाली कौतिकाबाईची ताडपत्री होती.

म्हणजे गावातला निवाऱ्याच्या सर्वांत जवळ राहणारा बेघर निवाऱ्याच्या बाहेर राहत होता. त्याला कारण नियम. पुरुषांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा. मी नव्याने कामावर लागलो तेव्हा उत्साहाने तिला आत बोलावलं होतं. तिने दोन्ही हॉल पाहिले, मध्ये किती भिंती आहेत ते पाहिलं, आणि विचारलं, "याले रातच्याला कूस कोण बदलवन? तू?"

"तशी सोय नाही."

"अन् हा तिकडं मेला, त मले इकडं कधी कळन?"

"सकाळी हजेरी होते," मी म्हणालो.

तेव्हापासून तिचं माझं वैर. माझ्याही उत्तरात फार माया नव्हती, हे खरं.

तिसरी एक खोली होती. दारावर लिहिलं होतं, 'कुटुंबकक्ष'. नवरा-बायको, लेकरंबाळं एकत्र राहावीत म्हणून अनुदानातच तिची तरतूद होती. जकातीच्या काळात तिथे रोकड असे. त्यामुळे दार सागवानाचं, खिडकीला बोटाएवढे जाड गज आणि आतून लोखंडी कडी. शासनाने तिथे पलंग दिला होता, पंखा दिला होता, कूलर दिला होता. आत स्वतंत्र संडास-बाथरूम होतं. विदर्भात मार्च लागला की असल्या खोलीत कोण झोपतं यावरून माणसाची समाजातली जागा ठरते. तिथे भाऊसाहेब झोपत. दुपारचं जेवण करून येत आणि ऊन उतरेपर्यंत घोरत.

"इथं मला शांतता मिळते, निस्ताने," ते मला म्हणत. "गोरगरिबांच्या सहवासात."

गोरगरीब तेव्हा कामावर गेलेले असत.

त्या कडीची एक खोड होती. दार झिजून खाली बसलं होतं, त्यामुळे कडी खोबणीत जायची नाही. पायाच्या चवड्याने दार खालून किंचित उचलायचं आणि त्याच दमात कडी सारायची. हे तंत्र भाऊसाहेबांनी स्वतः शोधून काढलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. एकदा त्यांचा ड्रायव्हर देविदास मालक गावाला गेलेत असं समजून आत झोपायला गेला. त्याला कडी लागेना. मालक परत आले, दार ढकललं आणि तो कूलरसमोर बनियनवर सापडला. तेव्हापासून भाऊसाहेब म्हणायचे, "ही कडी माणूस ओळखते." ते तंत्र मला माहीत होतं, कारण पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून कडीला तेल घालून घेतलं होतं.

मार्चअखेरीला एका सोमवारी फोन आला. विभागीय कार्यालयातून तपासणी येतेय, उद्या. केंद्र नीट चाललं तर पुढचा हप्ता, नाही तर मागचाही परत.

भाऊसाहेब येरझाऱ्या घालू लागले. पुरुषांच्या हॉलमध्ये माणसं होती, बायकांच्या हॉलमध्ये बायका होत्या. प्रश्न कुटुंबकक्षाचा.

"कुटुंब लागेल, निस्ताने."

"कक्षात तर तुम्ही असता."

"मी कुटुंब आहे का? विनोद करून राह्यले तुम्ही! देविदास, तुझी बायको आण. लेकरंही आण."

देविदास मान खाली घालून म्हणाला, "ती येणार नाही, साहेब. म्हणते, माह्या माहेरचे पाहतीन तर काय म्हणतीन?"

"अरे, एका सकाळचं बेघर व्हायला काय जातं?"

"तिले म्हटलं म्या. तर ती म्हणे, साहेबाच्या बाईसाहेबाले न्या."

भाऊसाहेबांनी हा प्रस्ताव ऐकला नाही. ते खिडकीशी गेले. बाहेर सुटलेल्या ताडपत्रीशेजारी कौतिकाबाई भंगारातल्या बाटल्यांची झाकणं वेगळी करत होती आणि कोणाला तरी शिव्या देत होती. बहुधा मलाच.

"हे काय," भाऊसाहेब म्हणाले, "आहे की कुटुंब."

"ती? साहेब, ती मला रोज मारायची धमकी देते."

"धमकी देणारी बाई खरी वाटते. जा, बोला. एक साडी देऊ, दोन वेळचं जेवण देऊ. तपासणी गेली की बाहेर."

मी बाहेर गेलो. पुरेसं अंतर ठेवून उभा राहिलो.

"दोरी कापून झाली न तुही? आता काय कापतं?"

"कौतिकाबाई, एक काम आहे. उद्या सकाळी तुम्ही दोघांनी आत यायचं. साहेब लोक पाहायला येणार आहेत."

"कायले पाहायले?"

"बेघरांना."

"मंग इथंच पाहा म्हणा. तिकीट नाही."

"इथे नाही. आत, त्या खोलीत. तुम्ही तिथे राहता असं दाखवायचं. दुपारी परत इकडे."

तिने बाटली खाली ठेवली. "म्हंजे बेघराचं सोंग करायचं?"

"तसंच."

"सोंगात काय करायचं?"

"काही नाही. आत बसायचं. स्वयंपाक करायचा. गुलाबराव पलंगावर झोपतील."

"म्हंजे घरात राह्यचं."

"हो."

"त मंग मुर्दाडा, सोंग घरवाल्याचं हाय. बेघराचं त आमी बिनसोंगाचंच करून राह्यलो."

"हाओ," गुलाबराव म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठून लाल चट्टे पडले होते. मागच्या मे महिन्यात याच ताडपत्रीखाली त्याला ऊन लागलं होतं. तिने त्याला हातगाडीवर घालून एकटीने दवाखान्यात ढकलत नेलं होतं, आणि डॉक्टर म्हणाला होता की असला आणखी एक उन्हाळा हा माणूस काढणार नाही. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण तिने ते सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं होतं. मे महिना आता पुढच्या वळणावर होता.

"खोली दाखव पहिले," ती म्हणाली. "न पाहता मी कुठंच जात नाही. तुह्यासारख्याच्या शब्दावर त मुळीच नाही."

मी तिला खोली दाखवली. पंखा, कूलर, संडास, खिडकी, दार, सगळं. कूलरच्या जाळीला तिने हात लावला आणि ओला हात तोंडावरून फिरवला. बाहेर येताना म्हणाली, "साडी हिरवी पायजे. मले मेंदी कलर नोको."

भाऊसाहेबांचं एक होतं. खोटं करायचं, पण कसर ठेवायची नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी आपल्या घरून गॅसची शेगडी आणवली, भरलेलं सिलिंडर आणवलं. कणीक, तांदूळ, तुरीची डाळ, तिखट, तेल असे डबे फळीवर मांडले. थंड पाण्याचा माठ भरून ठेवला. भिंतीवर देवाची तसबीर लावली. "घर वाटलं पाहिजे," ते मला बजावत होते. "अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे, की ही माणसं महिना-महिना बाहेरच पडत नसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी देविदासने आणि मी गुलाबरावला हातगाडीवरून उचललं. कौतिकाबाई मागून सूचना देत होती. "मुंडकं सांभाळ, खापरतोंड्या! पोतं हाय काय ते?" त्याला आंघोळ घातली, भाऊसाहेबांचं जुनं धोतर नेसवलं आणि पलंगावर टेकवून बसवलं. तिने हिरवी साडी नेसली. पांढऱ्या केसांत पाणी लावून भांग पाडला. दारात उभी राहिली तेव्हा देविदास चुकून तिला 'मावशी' म्हणाला. तिने त्याला विचारलं, की कालपर्यंत काय म्हणत होतास.

तपासणीच्या पांढरीपांडे मॅडम जीपमधून उतरल्या त्याच आंबट चेहऱ्याने. फुलांचा गुच्छ त्यांनी बघितला आणि मागे उभ्या असलेल्या शिपायाकडे दिला. नारळ दिला, तोही तिकडेच गेला. चहा पुढे केला.

"मी चहा पीत नाही."

"सरबत?"

"मी तपासणीला आले आहे."

भाऊसाहेबांनी मग हुकमाचा पत्ता काढला. घरकुल वाटपाच्या जुन्या कार्यक्रमातली थर्माकोलची मोठी किल्ली, सोनेरी कागद लावलेली, चांगली हातभर लांब. "मॅडम, आपल्या शुभहस्ते या कुटुंबाला किल्ली देऊ. फोटो छान येईल."

"ही कशाची किल्ली?"

"कुटुंबकक्षाची."

"याने कुलूप उघडतं?"

भाऊसाहेब हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ती थर्माकोलची किल्ली परत केली आणि हात पुढे केला. खिशातली खरी किल्ली काढून देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकुलती एक. भाऊसाहेबांचा कोणावर विश्वास नसल्याने दुसरी केलीच नव्हती. मॅडमनी ती कौतिकाबाईच्या तळहातावर ठेवली. कौतिकाबाईने मूठ मिटली आणि मूठ पदराखाली गेली. फोटो निघाला.

मग त्या खोलीत शिरल्या. कूलर चालू होता, शेगडीवर वरण शिजत होतं. त्यांनी कौतिकाबाईला विचारलं, "इथे किती काळ राहता?"

काय बोलायचं ते भाऊसाहेबांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं आणि तिने त्यातलं एकही अक्षर मनावर घेतलेलं नव्हतं.

"इथंच हावो बाई आमी. भाऊसाहेबाच्या भिंतीले लागून. केंद्र झालं त्याच्या आधीपासून."

"घरच्यासारखीच!" भाऊसाहेब मध्ये पडले.

"जेवण मिळतं?"

"आज मिळालं."

"रोजच्यासारखं आजही, असं म्हणायचंय तिला," भाऊसाहेब म्हणाले.

"हे कर्मचारी कसे वागतात?" मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

"हा? हरामखोर हाय. पण दर सोमवारी येऊन जातो, चुकत नाही."

मॅडमनी पहिल्यांदा समाधानाने मान हलवली. नियमित भेट दिली जाते याचं त्यांना बरं वाटलं असावं. मग त्या पलंगाकडे वळल्या. "बाबा, काही तक्रार?"

"हाओ," गुलाबराव म्हणाला.

भाऊसाहेब घाईने पुढे झाले. "म्हणजे समाधानी आहेत, मॅडम."

"तुम्हाला नाही विचारलं. बाबा, समाधानी आहात?"

"हाओ."

"इथेच राहायचंय?"

"हाओ," गुलाबराव म्हणाला, आणि चांगल्या हाताने पलंगाची कड धरली.

जाताना जीपशी मॅडम भाऊसाहेबांना म्हणाल्या, "पुढचा हप्ता सोडते. पण मी परत येईन, आणि न सांगता येईन. फोटोतलं कुटुंब फोटोतल्या खोलीत दिसलं नाही, तर तुमच्या संस्थेचं काय करायचं ते मला ठाऊक आहे."

"आपलीच माणसं आहेत, मॅडम! कुठं जातात?"

जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली. ऊन डोक्यावर आलं होतं. भाऊसाहेबांनी मोठी जांभई दिली, टोपी काढली, सदऱ्याची वरची बटणं सोडली. एवढ्या ताणानंतर त्यांना झोपेची नितांत गरज होती. "चला, निस्ताने, झालं एकदाचं. त्यांना बाहेर काढा आणि चादर बदला."

आम्ही खोलीपाशी गेलो. कौतिकाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती.

"झालं न सोंग?" तिने विचारलं.

"झालं. छान केलं. साडी ठेवा. आता निघा."

"निंघतो न. लुगडं बदलून घेतो. तुमी मानसं तिकडं व्हा."

दार लोटलं गेलं. मग आतून आवाज आला. आधी दार किंचित वर उचलल्याचा, 'हूं' असा, आणि मग कडी सरकल्याचा. तेल घातलेली असल्याने ती गोड वाजली.

कूलरचा वेग वाढला.

आम्ही वाट पाहिली. लुगडं बदलायला लागतो त्याहून बराच वेळ गेला. भाऊसाहेबांनी दार वाजवलं. "अहो बाई!"

मग आतून फोडणीचा वास आला.

"बाई! दार उघडा!"

"आमी जेवून राह्यलो!"

"जेवून झाल्यावर?"

"मंग झोपणार!"

भाऊसाहेबांचा चेहरा हळूहळू लाल विटांच्या भिंतीसारखा झाला. त्यांनी दारावर लाथ मारली. सागवान होतं. लाथ त्यांनाच लागली. "ए म्हातारे! ही माझी खोली आहे!"

"दारावर काय लिवलं हाय, वाच," आतून आवाज आला. "मले वाचता येत नाही. मॅनेजर, तू वाचून दाखव त्याले."

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. मी वाचून दाखवलं नाही. प्रसंग तसा नव्हता.

"देविदास, पहार आण!"

"साहेब," देविदास म्हणाला, "दार तोडलं अन् मॅडम आल्या, तर?"

"पोलिसांना बोलाव!"

"त्यांना काय सांगायचं?" मी विचारलं. "निवारा केंद्रात बेघर राहायला आले म्हणून?"

"वीज तोडा!"

"हॉलची लाइन त्याच मीटरवर आहे. ऑफिसचीही. तुमचा पंखाही."

"पाणी बंद करा!"

"माठ आपणच भरलाय, साहेब. डबेही. महिनाभर बाहेर पडायला लागू नये असे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी देविदासच्या मागे सरकलो. मग दाराला तोंड लावून ते आवाज मऊ करून म्हणाले, "कौतिकाबाई, ऐका. मी तुम्हाला पुरुषांच्या हॉलशेजारी पडवीत जागा देतो. पंखा लावून देतो. माझा शब्द."

"तुह्या शब्दावर पापड वाळत नाही," कौतिकाबाई म्हणाली. "याची पाठ पाय, कशी भाजली हाय. गेल्या उन्हाळ्यात तू इथं घोरून राह्यला होता, अन् मी भिंतीच्या त्या बाजूले याच्या तोंडावर पाणी मारून राह्यली होती. तुहं घोरणं आयकू येत होतं मले. खिडकीतून गार हवा येते म्हणून म्या दोरी गजाले बांधली होती. ते बी तुले पाहवलं नाही. जाय. मेला तरी उघडत नाही मी."

कोण मेला तरी, हे तिने सांगितलं नाही. भाऊसाहेब चालले असते आणि मीही, असा आवाज होता.

भाऊसाहेबांनी टोपीने वारा घेतला. मग त्यांचे डोळे चमकले. एकदम अक्कल सुचल्यासारखे ते खिडकीशी गेले आणि गोड आवाजात हाक मारली, "गुलाबराव! अहो गुलाबराव! तुम्ही समजूतदार माणूस. तुम्ही घरचे कर्ते. बाहेर येता ना?"

देविदासने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. उत्तर काय येणार ते साऱ्या मुरूमखेडला ठाऊक होतं. त्या माणसाला दुसरा शब्दच येत नव्हता. भाऊसाहेब विजयी मुद्रेने हात वर करून उभे राहिले, आम्ही साक्षीदार असल्यासारखे.

आतून कूलरचा आवाज येत राहिला. पाणी टपटपत राहिलं.

"येता ना, गुलाबराव?"

काही नाही. मी टाचा उंचावून गजांतून पाहिलं. गुलाबराव पलंगावर बसला होता, टक्क जागा, खिडकीकडेच बघत. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. चांगल्या हाताने त्याने तोंड झाकलं होतं, आपल्याच तोंडाचा भरवसा नसल्यासारखं.

भाऊसाहेबांचा हात खाली आला.

आणि तेव्हाच, तिथेच उन्हात उभ्या उभ्या, त्यांना ती गोष्ट आठवली. ते सावकाश माझ्याकडे वळले.

"निस्ताने, कडी अडकते."

"हो."

"दार पायाने उचलावं लागतं."

"हो."

"देविदासला जमलं नाही. पहिल्या झटक्यात म्हातारीला जमलं." ते आणखी जवळ आले. "तिला कोणी शिकवलं?"

"काल खोली दाखवत होतो तेव्हा तिने विचारलं, कडी आतून लागते का. मी म्हणालो, लागते. ती म्हणाली, लावून दाखव. मी दाखवली. मग ती म्हणाली, आता मी लावते. तिला जमेना. म्हणून पुन्हा दाखवली."

"का?"

"लाभार्थ्याला खोलीची माहिती देणं नियमात आहे, साहेब."

तिने किती वेळा सराव केला ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

पुढचं बोलणं छापण्याजोगं नव्हतं. भाऊसाहेब व्यसनमुक्तीचे संस्थापक होते, पण शिव्यांचं व्यसन त्यांनी राखून ठेवलं होतं. सारांश एवढाच, की माझी नोकरी त्या क्षणी संपली. थर्माकोलची किल्ली त्यांनी माझ्या अंगावर फेकली. तिचे दोन तुकडे झाले. मग ते आपल्या जीपमध्ये मागच्या सीटवर आडवे झाले. देविदास जीप सावली शोधत गावभर फिरवत राहिला, असं नंतर कळलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. व्यवस्थापकाला 'निवासाची सोय' होती, म्हणजे मी ऑफिसच्या टेबलावर झोपत असे. माझं गाव लांब, तिथल्या घरात थोरल्या भावाचा संसार, आणि माझी तिथली खाट कधीच शेळीच्या खोपटात गेलेली. नोकरी गेली म्हणजे टेबलही गेलं. मी पत्र्याची पेटी भरून बाहेर पडलो तेव्हा ऊन कलत होतं. गावाकडची एसटी केव्हाच गेली होती.

कुटुंबकक्षाच्या खिडकीखालून जाताना वरून आवाज आला.

"पेटी घेऊन कुठं चालला, मॅनेजर?"

"काढलं मला."

"काहून?"

"कडीपायी."

ती गजांमागे उभी होती. हिरवी साडीच होती अंगावर. लुगडं बदललंच नव्हतं. मागे पलंगावर गुलाबराव कूलरकडे पाठ करून, चट्टे उघडे टाकून झोपला होता.

"मंग आता राह्यतं कुठं?"

"पाहू."

ती गजांशी वाकली. मला वाटलं, आता काही बरं बोलेल.

"इथं आत जागा नाही बरं," ती म्हणाली. "हे कुटुंबाची खोली हाय. तू एकटा जीव. नियमात बसत नाही."

"मी मागितली का जागा?"

"मागशील म्हणून सांगून राह्यली. अन् पुरुषाच्या हॉलात गेला त तो भाऊसाहेब तंगडी धरून बाहेर काढन." तिने बाहेर हनुवटीने खूण केली. "ते ताडपत्री हाय तिथं. पडली हाय रिकामी. दोरी तुहीच कापली हाय, तूच बांध."

मी दोरी बांधली. पहिली गाठ सुटली. वरून शिव्या आल्या. दुसरीही सुटली. तिसरी गाठ कशी मारायची ते तिने गजांतून बोटं बाहेर काढून दाखवलं. तसंच, जसं मी तिला कडी लावायला दाखवलं होतं, पण अधिक अपमान करून. थोड्या वेळाने गजांतून एक ताटली खाली आली. वरण-भात होता. "खा," ती म्हणाली, "अन् ताटली धुऊन दे. भाऊसाहेबाच्या घरची हाय."

त्या खिडकीतून खरंच गार हवा येत होती. माझ्या टेबलावर कधी लागली नव्हती इतकी गाढ झोप मला तिथे लागली.

जाग आली ती पावलांच्या आवाजाने. चांगलं उजाडलं होतं. नवा मॅनेजर आला होता. भाऊसाहेबांनी रातोरात नेमलेला, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. त्याच्या हातात उद्घाटनाची कात्री होती. त्याने गजाला बांधलेली गाठ चिमटीत धरली.

वरून अशी गर्जना झाली की समोरच्या तारेवरचे कावळे उडाले.

"ए मुर्दाडा! दोरीले हात लावून त पाय! माणूस झोपला हाय तिथं!"